खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ : आठ महिने झगडून जे कळलं ते

खाजणकाठ

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर दोघा-तिघांनी विचारलं होतं, समुद्री टाकीतलं शेवाळ कसं घालवायचं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

आधी टाकीबद्दल. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खालचा सम्प (फिल्टरची जोडटाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी. घर कोथरूडला. आत दोन क्लाउनफिश, एक यलोटेल डॅमसेल, एक लॉनमोवर ब्लेनी (शेवाळ चरणारा मासा), कोरडे आणलेले खडक आणि अ‍ॅरागोनाइटची वाळू. प्रवाळ नाहीत.

पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी धूळ बसली. ते डायटम. नव्या टाकीत पाण्यातलं सिलिका खाऊन ते वाढतात. बोटाने पुसलं की जातात, चार दिवसांनी परत येतात, आणि बहुतेक टाक्यांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यांच्यामागे लागू नका. मी लागले होते आणि रोज वाळू ढवळून नव्या टाकीची बसू पाहणारी घडी मोडत होते.

तिसऱ्या महिन्यात खरं दुखणं आलं. खडकांवर हिरवे केस. आधी कापसाच्या तंतूएवढे, मग बोटाच्या पेराएवढे. दर रविवारी हाताने उपटायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत होते तेवढेच परत. शेवाळाचं खत म्हणजे फॉस्फेट आणि नायट्रेट. टेस्ट किट मात्र फॉस्फेट जवळजवळ शून्य दाखवत होतं. मला वाटायचं किट खराब आहे. किट चांगलं होतं. पाण्यात आलेलं फॉस्फेट शेवाळ लगेच ओढून घेत होतं, त्यामुळे मोजायला पाण्यात काही उरतच नव्हतं. शेवाळाने भरलेल्या टाकीत शून्य आकडा दिसला तर त्यावर अजिबात विसंबू नका.

मग हे सगळं येतंय कुठून, याचा हिशेब मांडायला बसले. दोन वाटा सापडल्या.

पहिली वाट खाद्याची. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या रूपात मोजलं तर सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटर पाण्यात ते विरघळलं तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम. एका दिवसाच्या खाद्यातून! आपण ज्या ०.०३ ते ०.१ च्या आकड्यासाठी जिवाचं रान करतो, त्याच्यापेक्षा हे जास्त. त्यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढतो, काही फिल्टरच्या कापडात अडकतं, पण आवक केवढी आहे ते बघा. मी चिमटीने खाद्य टाकायचे. एक दिवस सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा आणून ती चिमूट मोजली. १.३ ग्रॅम भरली. चार लहान माशांना!

दुसरी वाट मला सुचलीच नसती. खाऱ्या टाकीतून पाणी उडतं, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी वरून घालावं लागतं. मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालत होते. आरओ म्हणजे शुद्ध, अशी माझी समजूत. टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते मोजणारा मीटर घातला तर ८६. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, एक लहानसा स्क्रू किंवा खटका. मशीन बसवणाऱ्याने तो बराच उघडा ठेवला होता. पिण्याला ते चांगलंच आहे. पण माझ्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडतं, वर्षाला जवळपास १,१०० लिटर. ८६ च्या हिशेबाने वर्षात ९४ ग्रॅम क्षार टाकीत जाऊन बसणार आणि बाहेर पडायला वाट नाही. त्यातला मोठा भाग कॅल्शियमसारखा निरुपद्रवी असतो हे खरं, पण सिलिका आणि नायट्रेट त्यातूनच येतात. आता मेंब्रेनमधून सरळ येणारं पाणी वेगळ्या नळीने काढून डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) नळकांड्यातून नेते. मेंब्रेननंतर ९, रेझिननंतर ०.

आता माझ्या हातून झालेली चूक. हा धागा मुख्यतः त्यासाठीच आहे.

या दोन्ही वाटा बंद करून थांबायला हवं होतं. मला धीर नव्हता. जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे विटकरी दाणे, रिअ‍ॅक्टरमध्ये भरपूर भरले. फॉस्फेट खरोखरच शून्य झालं, नायट्रेटही शून्य. हिरवे केस पांढरे पडून गळले. मी घरभर सांगत सुटले. दीड महिन्यात वाळूवर आणि खडकांवर तपकिरी चिकट दोरे आले, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी कमी, संध्याकाळी दाट. बारा गोगलगायींपैकी नऊ एका आठवड्यात मेल्या. ते डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव होते. बाकीच्या सगळ्यांची उपासमार झाली की मोकळी झालेली जागा हे बळकावतात.

हिरव्या केसांना मी शत्रू समजत होते. डायनो पाहिल्यावर ते केस परवडले असं वाटलं.

सावरायला पाच आठवडे लागले. जीएफओ काढला, खाद्य वाढवलं, नायट्रेट थेंबाथेंबाने वाढवून ५ च्या वर नेलं, तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकली, युव्ही (पाणी निर्जंतुक करणारा अतिनील दिवा) लावला. आज नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०८. मागच्या काचेवर थोडं हिरवं आहे आणि ते मी मुद्दाम ठेवलंय, ब्लेनी तिथे चरतो.

हाताने काढायची माझी पद्धत सांगते, फार उपयोगी आहे. जुन्या टूथब्रशला हवेच्या पंपाची पातळ नळी रबरबँडने बांधायची, नळीचं तोंड ब्रशच्या केसांना लागून. दुसरं टोक खाली बादलीत. नळी आधी टाकीत बुडवून पाण्याने भरून घ्यायची आणि टोक बोटाने दाबून बादलीत सोडायचं, तोंडाने ओढायची नाही. मग घासत जायचं. सुटलेला प्रत्येक तंतू तिथल्या तिथे नळीतून बाहेर जातो. नुसतं घासलं तर तुकडे टाकीभर पसरतात आणि जिथे अडकतील तिथे रुजतात. दहा लिटरची बादली भरेपर्यंत घासायचं, तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. शेवाळही निघतं, पाणीही बदलतं.

तुमचे अनुभव लिहा.

---

पाणकावळा

ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी टाकी ठाण्यात, १५० लिटर, चौथा महिना. फोटो टाकलाय. वाळूवर गडद लाल-जांभळा पापुद्रा आहे, चिमटीत धरला तर सायीसारखा अख्खा उचलला जातो. रात्री कमी होतो. खडकांवर हिरवे केसही आहेत. खडक एका मित्राच्या बंद केलेल्या टाकीतून आणले. पाणी सोसायटीच्या टँकरचं, त्यावर घरचा आरओ. मासे विकणाऱ्याने एक बाटली दिलीय, "हे टाका, चार दिवसांत साफ". टाकू का?

---

खाजणकाठ

@पाणकावळा, बाटली अजून उघडली नसेल तर उघडू नका. त्यात काय आहे ते वर लिहिलंय का? मेलेलं शेवाळ टाकीतच कुजतं आणि त्याने साठवलेलं सगळं पाण्यात परत येतं. शिवाय एकदम इतकं कुजलं की रात्री पाण्यातला प्राणवायू उतरतो.

सायीसारखा निघणारा लाल पापुद्रा म्हणजे सायनोबॅक्टेरिया. हे शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. जिथे पाण्याला ओढ नाही आणि गाळ बसतो तिथे धरतात. वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड वाळूच्या दिशेने थोडं खाली वळवा, पापुद्रा नळीने ओढून काढा, आणि हे दोन आठवडे करत राहा. काही जण एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक टाकतात. मी टाकणार नाही. टाकीत नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया मोडणारे, आपले जिवाणूही शेवटी जिवाणूच आहेत.

आणि ते मित्राचे खडक. टाकी किती वर्षं चालली होती?

---

पाणकावळा

सहा वर्षं. शेवटचं वर्षभर दुर्लक्ष झालं होतं, असं तो म्हणाला.

---

दर्यासारंग

मग केस कुठून येतात ते कळलं. चुनखडीचा खडक फॉस्फेट धरून ठेवतो. सहा वर्षं शोषलेलं आता तुमच्या स्वच्छ पाण्यात हळूहळू सोडतोय. पाणी कितीही बदला, दोन दिवसांत आकडा पुन्हा वर.

मी रत्नागिरीचा. माझ्याकडेही असे जुने खडक आले होते. मी ते निळ्या पिंपात खाऱ्या पाण्यात, झाकण लावून, आत एक पंप सोडून ठेवले. उजेड नाही म्हणजे शेवाळ नाही. दर आठवड्याला फॉस्फेट मोजायचं आणि पाणी पूर्ण बदलायचं. पहिल्या आठवड्यात किटचा निळा रंग इतका गडद आला की तक्त्यावर मावेना. सात आठवड्यांनी ०.१ च्या आसपास येऊन थांबलं. मग टाकीत घातले. सगळे खडक एकदम काढू नका, जिवाणू त्यांच्यावरच असतात. एक तृतीयांश काढा, ते धुऊन परत आले की पुढचे.

आमच्याकडे बरेच जण विचारतात की समुद्र दाराशी असताना मिठाची महाग पावडर कशाला. मी समुद्राचंच पाणी वापरतो, पण पावसाळ्यात कधीच नाही. जून ते सप्टेंबर नद्यांचं गढूळ पाणी किनाऱ्याला असतं, खारटपणा उतरतो आणि शेतातली खतं त्यातूनच येतात. मी नोव्हेंबरनंतर, भरती पूर्ण झाल्यावर, खाडीच्या मुखापासून लांब, होडीने थोडं आत जाऊन कॅन भरतो. दाट कापडातून गाळतो आणि अंधारात महिनाभर ठेवतो. हायड्रोमीटरवर १.०२५ दिसल्याशिवाय वापरत नाही.

हिवाळ्यात कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात ना, ते नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव. तेही डायनोफ्लॅजेलेटच. माणसं लांबून बघायला येतात. पण त्या आठवड्यात पाणी भरू नये, हे मी एकदा भरून शिकलोय. महिनाभर अंधारात ठेवूनही कॅनला वास येत होता, सगळं ओतून दिलं.

---

सोनचाफा

मी न्यू जर्सीत. माझी ३०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, आहे, त्यामुळे थोडं वेगळ्या बाजूने लिहिते.

इथे चर्चा खताची, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेटची, चाललीय आणि ती बरोबर आहे. पण चरणारे किती आहेत हाही अर्धा प्रश्न आहे. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा जातीचे लांब काट्यांचे काळे समुद्री साळू (सी अर्चिन) रोगाने मेले. पनामापासून सुरुवात झाली आणि वर्षभरात जवळपास सगळ्या कॅरिबियनमध्ये दहातले नऊपेक्षा जास्त गेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे आधीच मासेमारीने संपत आले होते आणि १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले होते. चरणारे शेवटचे साळूही गेल्यावर शेवाळाने सगळं व्यापलं. १९७७ मध्ये तिथे तळाचा ५२ टक्के भाग प्रवाळाने झाकलेला होता, १९९३ मध्ये ३ टक्के. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ वर. त्या आकड्यांचा मी टाकीपुढे उभी राहून बराच विचार केलाय. एवढ्या अफाट समुद्रात जर चरणारे गेल्यावर हे होतं, तर आपल्या काचेच्या खोक्यात चार गोगलगायी ठेवून काय होणार?

माझ्याकडे ट्रोकस गोगलगायी २०, एक टक्सीडो साळू आणि एक टँग मासा आहे. केस आखूड असतानाच हे खातात. बोटभर वाढले की कोणी तोंड लावत नाही. म्हणून आधी हाताने कापून आखूड करायचे, मग जनावरांवर सोपवायचं.

---

खाजणकाठ

@सोनचाफा, फार मोलाचं लिहिलंत. ब्लेनीबद्दल माझाही हाच अनुभव. लांब केसांकडे तो ढुंकूनही बघत नव्हता, ब्रश फिरवल्यावर त्याच खडकावर दिवसभर.

एक गोष्ट मात्र भारतातल्या वाचकांसाठी लिहायलाच हवी. परदेशी व्हिडिओ पाहून इथे तशीच जनावरं मागू नका. हाडवाले प्रवाळ, समुद्री काकड्या, समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस हे शंखही यादीत आहेत. "वाळू साफ ठेवते" म्हणून कोणी समुद्री काकडी विकत असेल तर ती घेऊ नका. मालवणला समुद्रात ओहोटीला पायाखाली जिवंत प्रवाळ दिसतात, तिथून दगडाचा तुकडाही उचलू नका. मी कोरडे खडक घेतले ते याच कारणाने. त्यांना जीव धरायला वर्ष लागतं, लागू दे.

---

दर्यासारंग

अगदी बरोबर, ताई. आमच्याकडून पूर्वी असले दगड पोत्याने गेलेत. पाहवत नाही.

चरणारी जनावरं मिळत नसतील त्यांच्यासाठी एक सांगतो. शेवाळ वाढणारच असेल तर आपल्याला हव्या त्या जागी वाढू द्या. स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर अ‍ॅडी यांनी ही पद्धत बसवली, टर्फ स्क्रबर म्हणतात. मी घरीच केलाय. सम्पच्या वर एक आडवा पाइप, त्याला खाली लांब चीर, चिरेत प्लास्टिकची खरखरीत जाळी अडकवलेली. पाणी जाळीवरून पातळ पडद्यासारखं उतरतं. दोन्ही बाजूंनी लाल एलईडी, रात्रीचे. जाळी आधी लोखंडी ब्रशने चांगली खरवडून घ्या, नाहीतर शेवाळ धरत नाही. पहिले दोन आठवडे तपकिरी घाण दिसेल, मग हिरवं. दर आठवड्याला जाळी काढून बेसिनमध्ये जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो, हातात ओल्या पालेभाजीएवढा गोळा येतो. त्या गोळ्यात खाद्यातून आलेलं सगळं असतं. मी तो परसातल्या माडाला घालतो, आधी गोड्या पाण्यात धुऊन.

जाळी केवढी, तर रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब देत असाल तर १२ चौरस इंच, दोन्ही बाजूंनी उजेड. मी दुप्पट ठेवलीय.

किनाऱ्यावरची कौलर्पा (एक समुद्री शेवाळ) आणून सम्पमध्ये लावू नका. छान वाढते, आणि एखाद्या सकाळी अख्खी पांढरी पडून साठवलेलं सगळं पाण्यात सोडते. टाकी दुधासारखी होते.

---

नवखा_नाविक

गोड्या पाण्याच्या टाकीलाही हेच लागू होतं का? आमच्या गोल्डफिशच्या टाकीचं पाणीच हिरवं झालंय.

---

खाजणकाठ

हिशेब तोच, उपाय सोपे. टाकी खिडकीजवळ असेल तर हलवा, खाद्य अर्धं करा, आणि गोड्या पाण्यात खऱ्या वनस्पती लावता येतात हे तुमचं भाग्य. वेगळा धागा काढा, तिथे जाणकार भेटतील.

---

सोनचाफा

डायनोबद्दल दोन ओळी, कारण ते ओळखण्यात फार चुका होतात. थोडे दोरे पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा दोरे जुळले तर डायनो. घरात मुलांचा ४०० पटींचा सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा, एका टोकाला बांधल्यासारखा गोल फिरतो. तो रात्री पाण्यात उतरतो म्हणून युव्हीने मरतो. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहतो, त्यावर युव्ही वाया.

आणि हातमोजे घाला. ऑस्ट्रिऑप्सिस विषारी आहे. २००५ मध्ये इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर तो माजला तेव्हा लाटांचे तुषार श्वासात जाऊन सुमारे २०० लोकांना उपचार घ्यावे लागले. खाजणकाठ यांच्या गोगलगायी बहुधा यानेच गेल्या.

---

खाजणकाठ

तसंच असावं. मी ते उघड्या हाताने काढत होते, दोन दिवस घसा धरला होता. पावसाळी हवेचा समजून सोडून दिलं. वाचणाऱ्यांनी कृपया हे गंभीरपणे घ्या.

---

पाणकावळा

तीन महिन्यांनी लिहितोय. बाटली उघडली नाही.

घरच्या आरओचं टीडीएस १४० निघालं! टँकरचं पाणी महिन्यागणिक बदलतं, एकदा तर मूळ पाणीच ९०० च्या पुढे होतं. रेझिन लावलं. वेव्हमेकर खाली वळवला, लाल पापुद्रा तिसऱ्या आठवड्यानंतर आला नाही. खडकांची पहिली खेप पिंपातून निघून टाकीत परत गेली, दुसरी आत आहे. खाद्य वजन करून ०.४ ग्रॅम, एक दिवस आड उपास. मासे ठणठणीत.

केस आहेत अजून, पण आखूड. फॉस्फेट ०.१२. दर शनिवारी मी आणि माझी मुलगी ब्रश-नळी घेऊन बसतो, बादली तिच्या ताब्यात. काल तिने एका गोगलगायीच्या शंखावर मोहरीएवढा गुलाबी ठिपका दाखवला. तो पण खरवडायचा का?

---

खाजणकाठ

मुळीच नाही! ते कोरलाइन, चुन्याचं गुलाबी शेवाळ. तेच हवंय. माझ्याकडेही शंखावरूनच खडकांवर उतरलं. जिथे ते बसतं तिथे केसांना सहज जागा मिळत नाही. ती गोगलगाय मोकळ्या खडकाजवळ ठेवा.

टँकरच्या पाण्यावर रेझिन लवकर संपेल. संपत जाईल तसा रेझिनचा रंग बदलतो, तो वरून कुठवर उतरलाय ते मुलीला दर शनिवारी पेनने नळकांड्यावर खूण करायला सांगा. निम्म्यावर आलं की नवीन मागवून ठेवा, संपेपर्यंत थांबू नका. संपत आलेलं रेझिन धरलेलं सिलिका पुन्हा सोडायला लागतं.